चित्रं तयार आहेत, पुस्तक अजून नाही

टॅबलेट आणि स्टायलस हाती आल्यापासून मुलांच्या पुस्तकासाठी चित्रं काढू पाहणाऱ्यांची वाट पुष्कळ सोपी झाली आहे. प्रोक्रिएटसारखं विकतचं किंवा क्रितासारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेऊन कोल्हापुरातला किंवा नांदेडमधला चित्रकार घरबसल्या छापण्याजोगं काम करू शकतो. अडतं ते पुढच्या पायरीवर. सगळी चित्रं रंगवून, त्यांवर मजकूर टाकून पीडीएफ प्रकाशकाला पाठवली जाते आणि उत्तर येत नाही. मग अनेक जण अनुमान काढतात, की मराठी प्रकाशकांना संगणकावरची चित्रं नको असतात. हे अनुमान चुकीचं आहे असं माझं मत आहे, आणि त्याने चित्रकारांचं नुकसान होतं, कारण खरी अडचण दुसरीकडेच राहते. प्रकाशकाच्या हाती पडतो तो पूर्ण रंगवलेल्या सुट्या चित्रांचा गठ्ठा. त्याला हवं असतं ते पुस्तक, म्हणजे पान उलटत जाणारी, दुमडलेली, शिवलेली, छापता येणारी वस्तू. त्या वस्तूचा विचार चित्राआधी झाला असेल, तर चित्र कशाने काढलं हा प्रश्न फारसा उरत नाही.

आधी संगणकावरच्या चित्रांवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपाकडेच पाहू. संगणकावरच्या चित्रात हाताची ऊब नसते, असं चांगली जाणकार माणसंही म्हणतात. पण छापखान्यात जलरंगाचं चित्रही स्कॅन होऊन फाइल म्हणूनच जातं आणि चार शाईंच्या ठिपक्यांतून कागदावर उतरतं. जॉन क्लासेन यांच्या 'धिस इज नॉट माय हॅट' या पुस्तकाला 2013 साली अमेरिकेतलं चित्रपुस्तकांसाठीचं कॅल्डेकॉट पदक मिळालं. त्यातली चित्रं चिनी शाई आणि संगणक या दोहोंनी केलेली आहेत. जवळजवळ काळ्या पाण्यात पोहणारे मासे आणि त्यांचे डोळे एवढ्यावर ते पुस्तक उभं आहे, आणि तिथे कुणाला ऊब कमी पडली नाही. तरीही आक्षेपात एक खरा अंश आहे आणि तो मान्य केला पाहिजे. सॉफ्टवेअरचा तयार ब्रश तसाच वापरला, आकाशाला एका टिचकीत रंगछटा दिली, एकच चेहरा कॉपी करून बारा पानांवर चिकटवला, की चित्र गुळगुळीत आणि कुणाचंच नसलेलं दिसतं. गोष्टीतली आजी रागावली की तिचे खांदेही बदलतात. चिकटवलेल्या आजीच्या फक्त भुवया बदलतात. संपादक नकार देतो तो या आळसाला, आणि तसा आळस पोस्टर कलरमध्येही करता येतो.

आता पुस्तकाची वस्तू पाहू. पुस्तक छापतात फर्म्याच्या, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडल्या जाणाऱ्या पानांच्या संचाच्या, हिशोबाने, आणि नेहमीचा फर्मा 16 पानांचा. म्हणून मुलांचं चित्रपुस्तक बहुधा 16, 24 किंवा 32 पानांचं असतं. 24 म्हणजे दीड फर्मा, 32 म्हणजे दोन. गोष्ट 27 पानांत बसली असेल, तर ती प्रकाशकासाठी अजून बसलेलीच नाही. आतल्या 24 पानांत समोरासमोरची 11 जोडपानं मिळतात आणि सुरुवातीचं व शेवटचं पान सुटं राहतं. त्यातून शीर्षकाचं पान आणि प्रकाशनाचा तपशील वजा केला, की गोष्टीला उरते ती मोजकी जागा. या जागेतच चित्रपुस्तकाची खरी कला आहे. दाराची कडी वाजली हे उजव्या पानावर ठेवायचं आणि दारात कोण उभं आहे ते पान उलटल्यावर दाखवायचं, हा निर्णय रंगांच्या किती तरी आधी घ्यावा लागतो. पडद्यावर एकेक चित्र सुटं दिसत असताना तो सुचतच नाही. म्हणून पेन्सिलीच्या रेघोट्यांनी का होईना, डमी, म्हणजे पुस्तकाची कच्ची नमुना प्रत, करायला हवी. डमीत आणखी एक गोष्ट हाताला कळते. जोडपानाच्या बरोबर मधोमध एखाद्या पात्राचा चेहरा आला, तर तो घडीत जातो. पडद्यावर घडी नसते, त्यामुळे ही चूक फार उशिरा लक्षात येते.

म्हणूनच पहिल्या भेटीत प्रकाशकाकडे पूर्ण रंगवलेलं पुस्तक नेऊ नये असं मला वाटतं. पूर्ण मजकूर, पूर्ण पुस्तकाची कच्ची डमी आणि छपाईच्या दर्जाची दोन किंवा तीन रंगीत जोडपानं एवढं पुरतं. यावर हरकत अशी, की कच्च्या रेषांवरून संपादकाला कसं कळणार? रेषा वाचणं हे त्याचं रोजचं काम आहे, त्याला कळतं. उलट सगळं रंगवून झालेलं काम पाहिलं की त्याला दुसरीच धास्ती वाटते. सातव्या पानावर गोष्ट रेंगाळते, ते काढा, असं सांगितलं तर हा माणूस सहा महिन्यांची मेहनत मोडेल का? संपादनाला जागा न ठेवणारं काम नाकारणं त्याला सोपं वाटतं. शिवाय अनेक प्रकाशनसंस्थांत आधी संहिता निवडली जाते आणि मग संस्था आपला चित्रकार शोधते. त्यामुळे मित्राची गोष्ट आणि आपली चित्रं असा जोड घेऊन जाताना, दोहोंपैकी एकच आवडलं तर काय करायचं हे आपसात आधी ठरवून घ्यावं. अनेकदा नकार जोडाला असतो, चित्रांना नसतो.

रंगीत जोडपानांच्या बाबतीत पडदा डोळ्यांना फसवतो. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा, कागदावरचा शाईचा. पडद्याच्या आरजीबी रंगांतला झगझगीत पोपटी, विजेसारखा निळा, तळपता केशरी हे रंग निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शाईंतून तसे उतरत नाहीत, मळतात. रात्रीच्या दृश्यात गडद निळ्यावर गडद हिरवं झाड पडद्यावर सुंदर दिसतं. मॅपलिथोसारखा चकाकी नसलेला कागद शाई पितो आणि छापल्यावर झाड व आकाश एक होऊन बसतं. म्हणून सीएमवायकेत, म्हणजे या चार शाईंत, रंग कसे दिसतील हे सुरुवातीपासून तपासत राहावं. आकाराचा हिशोब तर रोखठोक आहे. 20 सेंटिमीटर चौरस पानाच्या पुस्तकात एक जोडपान 40 सेंटिमीटर रुंद होतं. कापणीसाठी चारही बाजूंना 3 मिलिमीटर वाढवून इंचाला 300 ठिपके धरले, तर फाइल सुमारे 4,800 गुणिले 2,430 पिक्सेलची लागते. इन्स्टाग्रामसाठी केलेलं 1,080 पिक्सेल रुंदीचं चित्र याच दर्जाने छापायचं, तर ते जेमतेम 9 सेंटिमीटरचं होतं. लहान काढलेलं चित्र ताणून मोठं करण्याने काही साधत नाही.

याहून कमी बोलली जाणारी गोष्ट अक्षरांची. चेन्नईचं तुलिका हे प्रकाशन एकच चित्रपुस्तक मराठीसह नऊ भाषांत काढतं. प्रथम बुक्स आणि नॅशनल बुक ट्रस्ट यांचं कामही अनेक भाषांत चालतं. हे परवडतं, कारण तीन रंगांच्या प्लेटा त्याच ठेवून फक्त काळी प्लेट बदलता येते, आणि मजकूर असतो त्या काळ्या प्लेटवर. चित्रकाराने हौसेने मजकूर चित्रातच रंगवला, किंवा गडद आकाशावर पांढरी अक्षरं ठेवली, तर ही सोय संपते. दुकानाची पाटी, फळ्यावरचा धडा, तोंडातून निघालेला आवाज हे सगळं वेगळ्या लेअरवर असावं. शिवाय मराठी पुस्तकातली अक्षरं मराठी वळणाची असावीत. बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये मुळात हिंदी वळणाचे ल आणि श येतात. नुकतं वाचायला शिकणाऱ्या मुलाला शाळेतल्या पाठ्यपुस्तकात एक ल आणि गोष्टीच्या पुस्तकात दुसराच ल दिसावा, ही मोठ्यांना क्षुल्लक वाटणारी गोष्ट त्याच्यासाठी क्षुल्लक नसते. ही काळजी घेतलेली डमी पाहिली, की संपादकाला न सांगता कळतं, या माणसाने मुलं वाचताना पाहिली आहेत.

दार कुठलं ठोठावायचं, हे त्या घरातून निघालेली पुस्तकं वाचून ठरवावं. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेलं माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' पाहा. घरातली साधी माणसं, त्यांच्या साध्या सवयी, आणि चित्र मजकुराच्या पुढे एक पाऊल टाकतं. लिहिणारा आणि काढणारा हात एकच असला की काय होतं, हे मराठीत त्यांच्याइतकं स्पष्ट क्वचितच दिसलं असेल. टाटा ट्रस्टच्या 'पराग' उपक्रमाच्या बिग लिटल बुक पुरस्कारात पहिल्याच वर्षी, 2016 साली, लेखिका म्हणून त्यांची निवड झाली. त्याच वर्षी चित्रकार म्हणून अतनू रॉय यांचीही स्वतंत्र निवड झाली. चित्रकाराला लेखकाच्या बरोबरीने मोजणारी ही दृष्टी ज्या संस्थांच्या पुस्तकांत दिसते, तिथे आधी जावं. पुस्तक एकदम होत नसेल तर बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे, दिवाळी अंक आहेत. छापून आलेलं एक पान सोबत असलं तर पुढची बोलणी सोपी होतात.

प्रकाशकाची वाट कशाला पाहायची, स्वतःच छापावं, असंही सुचवलं जातं. आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि डिजिटल छपाईत शंभर प्रतीही निघतात, हे खरं. पण रंगीत डिजिटल छपाईत प्रतीमागचा खर्च फारसा उतरत नाही. ऑफसेटमध्ये प्लेटांचा खर्च एकदाच होतो, म्हणून प्रती वाढल्या की पुस्तक स्वस्त पडतं. मुलांचं पुस्तक स्वस्त असणं ही चैनीची बाब नाही, त्यावरच ते कुठल्या घरात जाणार हे ठरतं. वितरण, ग्रंथालयं, शाळा हे जाळं एकट्याने उभं करणं तर त्याहून कठीण. दुसरी वाट प्रथम बुक्सने 2015 साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरची. तिथे पुस्तकं मुक्त परवान्याखाली असतात. श्रेय देऊन कुणीही ती वाचावी, भाषांतरित करावी, बदलावी, अगदी विकावीही. मुलांच्या दृष्टीने हे फार मोलाचं काम आहे. पण एकदा तो परवाना दिला, की तेच पुस्तक फक्त तुम्हीच काढा असं दुसऱ्या प्रकाशकाला सांगता येत नाही. तिथे काय द्यायचं आणि काय राखायचं, हे आधी ठरवावं.

आणि होकार आला, तर आनंदाच्या भरात सही करू नये. 1957 च्या प्रताधिकार कायद्यात चित्रकाराच्या बाजूच्या बऱ्याच तरतुदी आहेत. हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन ते वर्षभरात वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही नसल्यास हस्तांतरण संपतं. कलम 57 नुसार आपलं नाव मागण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या मोडतोडीला विरोध करण्याचा हक्क चित्रकाराकडे राहतो. सावध राहायचं ते इथे: मोबदला घेऊन, कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, ते काढून घेणारा ठरू शकतो. संगणकावर काम करणाऱ्याला धोका आणखी मोठा आहे. कागदावरचं मूळ चित्र निदान परत मागता येतं. लेअर असलेली फाइल एकदा दिली, की त्यातला ससा उचलून वहीच्या मुखपृष्ठावर, दप्तरावर, दुसऱ्याच गोष्टीत बसवणं मिनिटाचं काम. मजकुराचा लेअर वेगळा द्यावा, चित्र एकसंध करून द्यावं, आणि बाकी वापर स्वतंत्र मानधनाचा, हे करारात लिहून घ्यावं.

चित्र यंत्राने बनवलेलं नाही ना, असा प्रश्न कुणी विचारला तर त्याचाही राग मानू नये. 2023 साली अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने 'झरिया ऑफ द डॉन' या चित्रकथेतला मजकूर आणि मांडणी यांना संरक्षण दिलं, मिडजर्नी या एआय साधनाने तयार केलेल्या चित्रांना मात्र नाकारलं. ज्या चित्रावर कुणाचाच हक्क नाही, ते विकत घेऊन प्रकाशक काय करणार? आपली कच्ची रेखाटनं आणि मधल्या पायऱ्यांच्या फायली जपून ठेवाव्यात.

प्रकाशकांकडेही एक मागणं आहे. संहिता आणि चित्रं कशी पाठवायची, पानं किती, आकार कोणता, उत्तर किती दिवसांत मिळेल, हे एका पानावर लिहून सगळ्यांना दिसेल असं ठेवा, आणि चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर लेखकाइतक्याच ठळक अक्षरांत छापा. आणि चित्रकारांनो, सहा ए-फोर कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की 24 पानं होतात. पीडीएफ पाठवण्याआधी ती पानं पेन्सिलीने भरा, पाठीला दोन पिना मारा आणि शेजारच्या एखाद्या मुलाच्या हातात देऊन बघा, ते पान उलटतंय का.