कोयत्याचा उतार व धार

उंसाच्या तोडणीचा हंगाम जवळ आला म्हणजे बारामती व इंदापूर तालुक्यांतील बागाईतदार वाहनांची, मजुरांची व कारखान्याच्या पाळीची चिंता करूं लागतो. परंतु ज्या अवजारानें सारा ऊंस जमिनीपासून सोडवावयाचा, त्या कोयत्याकडे त्याचें लक्ष क्वचितच जातें. १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचें पाणी ह्या भागांत खेळूं लागलें, आणि ऊंस व कोयता ह्यांची जोडी येथें कायमची जमली. आज माळेगांव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथील सहकारी कारखान्यांकडे जाणाऱ्या उंसापैकीं बराचसा हातानेंच तोडला जातो. तोडणीच्या टोळ्यांत नवराबायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ व एकट्या माणसास ‘अर्धा कोयता’ म्हणतात. ज्या अवजारावरून माणसांची मोजदाद होते, तें घडवावें कसें व राखावें कसें, हें ज्यास नव्यानें शिकावयाचें आहे त्याच्यासाठीं हा लेख आहे.

प्रथम ह्या कामाचें महत्त्व पाहूं. पक्व उंसाच्या बुडाकडील कांड्यांत शेंड्यापेक्षां साखरेचा अंश अधिक असतो. म्हणून ऊंस जमिनीलगत तोडावा असें सर्वच जाणकार सांगतात. बोथट कोयत्यानें जमिनीलगत एका घावांत ऊंस तुटत नाहीं. मग तोडणारा कंबर थोडी सरळ करून वरून घाव घालतो, आणि वीतभर साखर शेतांतच राहते. दोन-तीन घाव बसले तर बुडखा फाटतो. फाटलेल्या बुडख्यांत रोग व कीड ह्यांस वाट मिळते, आणि पुढील खोडव्याची उगवण विरळ होते. शिवाय तोडणीची मजुरी टनावर मिळते. दर उंसामागें एक घाव अधिक, म्हणजे दिवसाअखेर हजारों घाव अधिक. तें ओझें मजुराच्या मनगटावर व खांद्यावर पडतें.

आम्हीं स्वतः हें काम शिकण्यास प्रारंभ केला तेव्हां झालेली चूक आधींच सांगतों. विजेवर फिरणाऱ्या सहाणेच्या चाकावर आम्हीं एक नवा कोयता धरला. ठिणग्यांचा फवारा पाहून काम झपाट्यानें होत आहे असें वाटलें. धार लखलखीत दिसत होती. कडेला एक निळा पट्टा मात्र उमटला होता. त्याचा अर्थ तेव्हां कळला नाहीं. दुसऱ्या दिवशीं दोन-चार सऱ्या तुटतात न तुटतात तोंच कड दुमडली. तोडणाऱ्या बाईनें कोयता आमच्या हातीं परत देत म्हटलें, “मालक, ह्याचं पाणी उतरलंय.” सारें शास्त्र तिनें एका वाक्यांत सांगितलें. पोलाद सुमारें ३०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलें म्हणजे त्यावर निळा रंग चढतो, आणि लोहारानें पाणी देऊन आणलेला कडकपणा तितक्या प्रमाणांत कमी होतो. म्हणून नवशिक्यानें चाक बाजूस ठेवावें व कानस हातांत घ्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. कानशीनें पोलाद जळत नाहीं, आणि चूक झाली तरी ती हळूहळू होत असल्यामुळें वेळींच लक्षांत येते.

धार म्हणजे पात्याच्या दोन्ही गालांवरून उतरत आलेल्या दोन उतारांची भेट होय. उतार आंखूड असेल तर कोन बोजड होतो व पातें उंसांत शिरत नाहीं. उतार फार लांब असेल तर कड पातळ होऊन खड्याला लागतांच तुटते. मध्यम मार्ग असा : पात्याची जाडी तीन मिलिमीटर असेल, तर प्रत्येक बाजूस साडेचार ते सहा मिलिमीटर रुंदीचा उतार काढावा. साडेचार मिलिमीटर ठेवल्यास दोन्ही उतारांमधील कोन सुमारें ३९ अंश होतो, सहा ठेवल्यास सुमारें २९ अंश. खडकाळ जमिनींत पहिला बरा. काळ्या, बिनखड्याच्या जमिनींत दुसरा चालेल. बेण्याचीं टिपरीं तोडण्याच्या कोयत्याची गांठ मातीशीं पडत नाहीं, म्हणून त्याचा उतार लांब ठेवण्यास हरकत नाहीं. टिपऱ्याचें टोंक चेंगरूं नये व डोळा दुखावूं नये, हाच तेथें हेतु असतो.

आतां प्रत्यक्ष कृति. मोटारीच्या कमानीचा जुना पाटा हें कोयत्यास उत्तम पोलाद होय. लोहाराकडून त्याचें पातें घडवून घ्यावें, लाल तापवून राखेंत पुरावें व सावकाश थंड होऊं द्यावें. म्हणजे तें कानशीस मऊ लागतें. मग कडेच्या जाडीवर खडू फांसून बरोबर मध्यावर दोन समांतर रेघा ओढाव्या व त्यांत एक मिलिमीटर अंतर ठेवावें. ह्या रेघा म्हणजे शेताचे बांध. त्यांपलीकडे कानस जाऊं देऊं नये. गालावरही उतार जेथून सुरू व्हावयाचा तेथें एक रेघ ओढावी. पातें शिकंज्यांत घट्ट धरून कानस मुठीकडून टोंकाकडे एकाच कलानें चालवावी. कानस पुढें जातांना कापते. मागें आणतांना ती उचलून घ्यावी. एका बाजूस वीस हात झाले कीं दुसऱ्या बाजूस वीस द्यावे. नवशिक्याचा उतार बहुधा मधोमध पोंचट व दोन्ही टोंकांस जाड होतो. उतारावर काळी शाई लावून दोन हात फिरवावे. शाई जेथें राहील तेथें कानस टेकत नाहीं असें समजावें.

उतार जमल्यावर पाणी देण्याचें काम जाणत्या लोहाराकडूनच करवावें, पण त्याचें तत्त्व आपणांस ठाऊक असावें. सुमारें ७७० अंशांस पोलाद लोहचुंबकास चिकटेनासें होतें. त्याहून थोडा अधिक ताव देऊन पातें तेलांत बुडवावें; पाण्यांत बुडवल्यास ह्या जातीचें पोलाद तडकण्याची भीति असते. असें पातें कांचेसारखें ठिसूळ असतें. तें घासून उजळ करावें व पाठीकडून हलकी आंच द्यावी. गवती, तपकिरी, जांभळा व निळा असे रंग क्रमानें धारेकडे सरकूं लागतात. धारेवर तपकिरी रंग येतांच पातें थंड करावें. पाठ निळी राहिली तर तें इष्टच आहे, कारण घावाचा हिसका पाठीनें सोसावयाचा असतो.

शेवटीं निसण्यावर पाणी टाकून, काढलेला उतार न मोडतां, राखलेली मिलिमीटरभर कड दोन्हीकडून नाहींशी करावी. एका बाजूनें पुरेसें घासलें म्हणजे दुसऱ्या बाजूस बारीक लव उभी राहते व नखाला लागते. ही लव मुठीपासून टोंकापर्यंत लागली कीं बाजू बदलावी. अखेरीस हलक्या हातानें लव काढून टाकावी. ती राहिली तर धार पहिल्याच घावांत वळते. ज्यास चाक वापरल्यावांचून गत्यंतर नाहीं त्यानें डोळ्यांवर चष्मा घालावा, सैल कपडे आवरावे, आणि बोटांस चटका बसण्यापूर्वींच पातें पाण्यांत बुडवीत जावें.

पहिला कोयता चांगला होत नाहीं. त्यानें निराश होऊं नये. पहिले तीन मोडक्या विळ्यांवर व टाकाऊ पट्टीवर शिकावे. खंडेनवमीस आपण अवजारांस गंध-फूल वाहतों. त्याआधीं आठ दिवस गांवच्या लोहाराच्या किंवा पालावर उतरलेल्या घिसाड्याच्या भात्याशेजारीं तासभर बसून त्याचा हात पाहावा, व आपल्या शेतांत येणाऱ्या टोळीसाठीं एक शिकंजा, दोन कानशी व एक निसणा बांधावर ठेवावा. त्या खर्चाची भरपाई खोडव्याच्या पहिल्याच फुटव्यांत दिसून येईल, आणि तोडणाऱ्यांचे हात दुवा देतील तो निराळाच.