वजनाचे लक्ष्य गाठता येईल असे धरा



या अंकात आपण नेहमी लागणीचा हंगाम, खोडव्याची निगा, ठिबक आणि खतांचे हप्ते याविषयी वाचता. या वेळी विषय थोडा निराळा आहे, पण काट्याशी त्याचा संबंध आहेच. हा विषय म्हणजे आपल्या स्वतःच्या अंगावरचे वजन.

उसाच्या नोंदीसाठी गावोगाव फिरताना बांधावर हल्ली एक बोलणे हमखास निघते. "साहेब, डॉक्टर म्हणाले वजन कमी करा." किती कमी करायचे, असे विचारावे तर उत्तर येते, "ते काही सांगितलं नाही, पण भिंतीवरच्या तक्त्यात माझ्या उंचीला पासष्ट किलो लिहिलंय." गडी असतो ८६ किलोचा! म्हणजे २१ किलो उतरवायचे. मग रात्रीचे जेवण बंद होते, पहाटे शहादा रस्त्याला धावणे सुरू होते, कोणी दोन-तीन हजारांचे पावडरचे डबे आणतो. महिनाभरात गुडघे धरतात, घरात लग्नाची तिथी येते आणि सगळेच सोडून दिले जाते. "आपल्याच्याने होत नाही" असे एकदा मनाने घेतले की कित्येक जण मधुमेहाची तपासणी करायचे आणि गोळ्या वेळेवर घ्यायचेही टाळू लागतात. खरे नुकसान इथे होते. म्हणून लक्ष्याचा आकडा कसा धरावा, हे नीट समजून घेणे जरूर आहे.

तक्त्यातला आकडा आला कुठून?

उंचीच्या सेंटिमीटरमधून १०० वजा करा म्हणजे योग्य वजन निघते, असा एक ठोकताळा आपल्याकडे सर्रास सांगतात. तो एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांच्या नावाने ओळखला जातो. उंचीप्रमाणे वजनाचे जे तक्ते पुढे जगभर फिरले, त्यांतले प्रसिद्ध तक्ते अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने १९४२-४३ मध्ये काढले. कोणत्या वजनाचे विमेदार जास्त जगले, यावरून ते बसवले होते. ते विमेदार अमेरिकेचे, आपल्या भागातले नव्हेत.

आज दवाखान्यात 'बीएमआय' सांगतात. वजन किलोत घ्यायचे आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. ही रीत बेल्जियमचे गणिती केतले यांनी १८३० च्या दशकात मांडली आणि अमेरिकेचे अन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये तिला आजचे नाव दिले. केतले यांना समाजाची सरासरी काढायची होती, एकेका माणसाचे लक्ष्य ठरवायचे नव्हते. आपल्या लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो असे दिसून आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर सुचवली. २००९ साली भारतीय डॉक्टरांनीही २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता असे ठरवले.

ही रेषा धोका कुठे सुरू होतो ते दाखवते. प्रत्येकाने सहा महिन्यांत तिथे पोचलेच पाहिजे, असा तिचा अर्थ नाही.

टनेज वेगळे, उतारा वेगळा

काट्यावर उसाचे वजन कळते, साखर किती ते कळत नाही. दोन गाड्या सारख्याच वजनाच्या असतात आणि उतारा मात्र वेगवेगळा निघतो. माणसाचेही तसेच आहे, आणि याचा दाखला आपल्या पुण्यातलाच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो आणि आकडे छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ असूनही आपल्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी.

हे जन्मापासूनच दिसते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून याज्ञिक यांच्या तुकडीने गरोदर स्त्रियांचा व बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होते, तर इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधील बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हडकुळी होती, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती.

यातून आपण घ्यायचा बोध असा की नुसत्या काट्यावर जाऊ नये. शिंप्याची टेप घेऊन कंबरही मोजावी. खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्यावे. पॅन्टचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, कारण पॅन्ट आपण पोटाखाली बांधतो. पुरुषांची कंबर ९० सें.मी. आणि स्त्रियांची ८० सें.मी. च्या आत असावी. देशभरच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ३९.५ टक्के प्रौढांची कंबर या मापाच्या पुढे आढळली.

किती उतरले म्हणजे फायदा होतो?

अमेरिकेत तीन हजारांवर लोकांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसांना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. वजन ७ टक्के उतरवा आणि आठवड्यात १५० मिनिटे चाला. सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी आपल्या लोकांवर असाच प्रयोग केला. त्याचा निष्कर्ष २००६ मध्ये आला. तिथे वजन फारसे उतरलेच नव्हते, तरी खाण्यात आणि चालण्यात बदल केल्याने मधुमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे काटा हलला नाही म्हणून मेहनत वाया गेली, असे समजू नये.

गुडघ्यांचा हिशेब तर फारच सोपा आहे. अंगावरचा एक किलो उतरला की दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार कमी होतो. पाच किलो उतरले तर चार्‍याचा भारा डोक्यावर घेऊन चालणार्‍या माणसालाही फरक जाणवेल.

जास्त उतरवले तर जास्त फायदा, हेही खरे आहे. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मधुमेह होऊन सहा वर्षांहून जास्त न झालेल्या ज्या लोकांनी १५ किलो किंवा अधिक वजन उतरवले, त्यांच्यापैकी ८६ टक्क्यांचा मधुमेह वर्षाअखेर गोळ्यांशिवाय आटोक्यात होता. पण डॉक्टर-नर्सची सततची देखरेख असूनही १५ किलोंचा टप्पा चौघांतल्या एकालाच जमला. २०२५ पासून वजन उतरवण्याची आठवड्याची नवी इंजेक्शनेही आपल्या देशात मिळू लागली आहेत. ती तज्ज्ञ डॉक्टरांच्याच सल्ल्याने घ्यायची, दुकानातून परस्पर नव्हे.

मोठ्या आकड्याचा तोटा काय? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्थूल असलेल्या ६० स्त्रियांना उपचारापूर्वी विचारले होते की किती वजन उतरवायचे ठरवले आहे. सरासरी उत्तर आले ३२ टक्के! ४८ आठवड्यांत त्यांचे सरासरी १६ किलो वजन उतरले. हे काही थोडेथोडके नव्हे. तरीही, "एवढेच उतरले तर मी निराश होईन" असे जे वजन त्यांनी स्वतः आधी सांगितले होते, तिथपर्यंतसुद्धा ४७ टक्के स्त्रिया पोचल्या नाहीत. पीक चांगले आले, पण मनात धरलेला आकडाच अवाच्या सवा होता.

आपला आकडा कसा काढावा?

एकरी शंभर टनांचा प्लॉट पाहून आल्यावर चाळीस टनांची चोपण जमीन असलेला शेतकरी एकदम शंभर धरत नाही. आधी पन्नास धरतो, मग साठ. जमीन, पाणी, हाताशी असलेली माणसे आणि मागच्या साली निघालेले टनेज पाहून आकडा ठरतो. इथेही तीच रीत ठेवावी.

उदाहरणादाखल वर सांगितलेला गडी घेऊ. उंची १६८ सें.मी., वजन ८६ किलो, बीएमआय ३०.५.

पहिला टप्पा : आजच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के, म्हणजे ४ ते ६ किलो. सहा महिन्यांत ८० ते ८२ किलोवर यायचे. महिन्याला एक किलोच्या आसपास पडते.

दुसरा टप्पा : आलेले वजन तीन-चार महिने तसेच राखायचे. हे लागणीनंतर खोडवा सांभाळण्यासारखे आहे. कष्ट कमी वाटतात, पण दुर्लक्ष झाले की पीक हातचे जाते.

तिसरा टप्पा : जमले तर आणखी ३ ते ४ किलो. म्हणजे एकूण १० टक्के, ७७ च्या आसपास. तक्त्यातले ६५ अजून दूर आहे, पण तपासणीतली साखर, रक्तदाब आणि कंबर सुधारली असेल तर हे वजनसुद्धा या गड्याला चांगलेच म्हणायचे. पुढचे डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

आकडा धरण्यापूर्वी तीन गोष्टी आठवाव्यात. वयाच्या पंचविशीत आपले वजन किती होते? गेल्या दहा वर्षांत सर्वांत कमी किती होते आणि ते विनासायास किती दिवस टिकले? आई-वडिलांची अंगकाठी कशी होती? जे वजन विशीनंतर कधी टिकलेच नाही, ते पन्नाशीत लक्ष्य म्हणून धरू नये.

साखरेचा हिशेब

साखर कारखान्याचा माणूस साखर कमी खा म्हणतो, याचे कोणाला हसू येईल. पण कारखान्याला सभासद ठणठणीत हवा आहे. आपला कारखाना काही आपल्या चहातल्या साखरेवर चालत नाही.

दिवसाला पाच कप चहा आणि कपाला दोन चमचे, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घेतलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवावी असे सुचवले आहे. तेव्हा कपाला एकच चमचा केला की १०० कॅलरी वाचल्या. अमेरिकेतील केव्हिन हॉल यांनी २०११ मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे जादा वजनाच्या माणसाने रोजचे २४ कॅलरी कायमचे कमी केले, तर वजन अखेरीस सुमारे एक किलोने उतरते. त्यातले निम्मे पहिल्या वर्षात आणि बाकीचे बरेचसे पुढील दोन वर्षांत. म्हणजे एका चमच्याच्या बदलाने तीन वर्षांत चार किलोंच्या आसपास.

बाकी आपल्या खाण्यात फार मोडतोड नको. दादरची किंवा कळण्याची भाकरी, भरीत, मठ-मुगाची उसळ, वरण हे उत्तमच आहे. वरण-बट्टीच्या दिवशी बट्टी एक कमी आणि तूप मोजून. मोठा चमचाभर तुपात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात. शेवभाजी आठवड्यातून एखाद्या वेळी. मोटार हल्ली मोबाईलवरून चालू होते, तरी शेताची फेरी पायी मारावी. अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, झाली १५० मिनिटे.

काटा अडतो तेव्हा

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले तर हुरळून जाऊ नका, त्यात पाणीच बरेचसे असते. तीन-चार महिन्यांनी काटा अडतो, तेव्हा घाबरूही नका. शरीर लहान झाले की त्याचा खर्चही कमी होतो. आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी, सकाळी शौचानंतर आणि चहाआधी, एकाच काट्यावर वजन करा. पीकनोंदीच्या वहीसारखी वही ठेवून तारीख, वजन आणि महिन्याला कंबर लिहा. कोणी कंबर मोजायला मागेपुढे पाहत असेल तर घरातल्या माणसाची मदत घ्यावी.

हे कोणासाठी नाही?

गरोदर व अंगावर पाजणार्‍या माता आणि वाढीची मुले यांनी वजन उतरवण्याच्या मागे लागू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणार्‍यांनी जेवण कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण रक्तातील साखर एकदम उतरू शकते. न सांगता वजन आपोआप घटत असेल तर तोही तपासणीचाच विषय आहे.

आणि एक गोष्ट विसरता येत नाही. आपल्याच जिल्ह्यात अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, आणि आपल्या फडात कोयता चालवणार्‍या तोडणी कामगारांतही, बीएमआय १८.५ च्या खाली असलेली माणसे आहेत. त्यांचे लक्ष्य वजन वाढवण्याचे आहे. फडावर आलेल्या टोळीतील गरोदर बाई किंवा हडकलेले मूल दिसले तर सभासदांनी जवळच्या अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवावे.

तूर्त प्रत्येक सभासदाने एवढेच करावे. या आठवड्यात वजन, उंची आणि कंबर मोजून वहीत लिहावी. आजच्या वजनाच्या वीस भागांपैकी एक भाग काढावा. तोच आपला पहिला आकडा. गळीत हंगाम संपेपर्यंत तेवढाच गाठायचा आहे.

— ऊस विकास अधिकारी