नवा पीसी सारखा कोसळतो? आधी रॅमची सेटिंग बघा

लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणले, व्हिडिओ बघत घरीच जोडले आणि पहिल्याच आठवड्यात गेम खेळता खेळता पीसी रीस्टार्ट होऊ लागला. वाशीत अशा वेळी पहिला आरोपी ठरलेला असतो, खाडीची दमट हवा. खारट ओलाव्याने कनेक्टर गंजतात हे खरं, पण त्याला महिने-वर्षं लागतात. आठवडाभराच्या मशीनला गंज चढत नाही.

दुसरा आरोपी महावितरण. पण चांगल्या एसएमपीएसला १०० ते २४० व्होल्टमधलं काहीही चालतं. दिवे जरा मंदावले म्हणून पीसी पडत नाही. घोटाळा बहुधा टेबलाखालच्या यूपीएसमध्ये असतो. ६०० व्हीएच्या यूपीएसची खरी ताकद साधारण ३६० वॉट. मोठं ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी गेममध्ये ती सहज ओलांडतो. लाइट जाते, यूपीएस ओव्हरलोड होऊन हात टेकतो आणि बोल लागतो नव्या पीसीला. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर मात्र ती गंमत समजू नका. एसएमपीएसच्या फिल्टरमधून कॅबिनेटवर थोडी गळती होतच असते; आर्थिंग नसलं की ती बोटांना कळते. अशा वेळी पीसी बाजूला ठेवून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावं.

मग येतो सार्वत्रिक सल्ला, ‘फॉरमॅट मार.’ मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११मध्ये सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या नोंदी तपासल्या. हार्डवेअरच्या दोषामुळे एकदा कोसळलेला संगणक पुन्हा कोसळण्याची शक्यता शंभरपटींपर्यंत वाढते, असं त्यांना आढळलं. वारंवार होणारा बिघाड हा योगायोग नसतो, आणि हार्डवेअरचा दोष विंडोज नव्याने टाकून जात नाही. उलट रॅमच सदोष असेल तर नव्या विंडोजच्या फाइलीसुद्धा बिघडलेल्या उतरू शकतात.

आता रॅम. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवावा, आणि लोक नेमकं इथेच बघत नाहीत. ‘बॉक्सवर ६००० लिहिलंय, म्हणजे ६०००ला चालणारच’ हा पक्का समज. प्रत्यक्षात त्या वेगासाठी बायॉसमधली एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सेटिंग सुरू करणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच. रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरसाठी एएमडीने डीडीआर५ रॅमचा अधिकृत वेग ५२०० दिला आहे, आणि चारही स्लॉट भरले की तो ३६००वर येतो. त्यापुढचं सगळं बऱ्याचदा चालतं. चालेलच याची हमी नाही. एक्स्पो बंद करून दोन दिवस वापरा. कोसळणं थांबलं, तर रॅम खराबच आहे असंही नाही. प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला तो वेग झेपत नसेल. तसं असेल तर बायॉस अपडेट करून बघा, नाहीतर वेग थोडा उतरवा. एक्स्पो बंद करूनही कोसळणं थांबलं नाही, तर मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एकही एरर आली तरी ती मोजायची, ‘एकच तर आहे’ म्हणून सोडायची नाही. दोनच कांड्या असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. शेजारीशेजारी लावलेल्या कित्येकदा दिसतात. आणि डीडीआर५ पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. ते मेमरीचं ट्रेनिंग असतं. घाबरून बटण दाबू नका.

एररचं नाव वाचून पार्ट बदलायला धावणारेही बरेच. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की एसएमपीएस गेला असं धरतात. ती नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी संगणक नीट बंद झाला नव्हता. का, ते तिलाही ठाऊक नसतं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या प्रोसेसरांनी तर जगभर चकवलं. गेम बंद पडताना संदेश यायचा, व्हिडिओ मेमरी संपली. लोक ग्राफिक्स कार्डावर संशय घेत बसले, दोष होता प्रोसेसरमध्ये. जादा व्होल्टेजचं कारण इंटेलने जुलै २०२४मध्ये मान्य केलं, ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच बिघडलेली चिप त्या अपडेटने बरी होत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते. जुन्या पार्टांतून पीसी जोडणाऱ्यांनी हे विसरू नये.

गरमीबद्दल फार लिहायला नको. रायझन ७००० ९५ अंशांपर्यंत चालावा अशीच त्याची रचना आहे, आणि त्या मर्यादेला पोचला की तो आधी वेग कमी करतो. कूलरखालची प्लास्टिकची फिल्म तेवढी काढली होती ना, बघा.

‘गोल्ड रेटिंग आहे, एसएमपीएस चांगलाच असणार’ हाही भ्रम. ८० प्लस ही वीज किती वाया जाते याची मोजणी आहे. ग्राफिक्स कार्ड क्षणभर दुप्पट वीज ओढतं तेव्हा एसएमपीएस टिकेल का, हे ती सांगत नाही. गेममध्ये पीसी निळी स्क्रीन न दाखवता खटकन बंद होत असेल तर संशय इथे घ्यावा. आधी ग्राफिक्स कार्डाच्या प्रत्येक सॉकेटला वेगळी केबल द्या, ती पूर्ण आत बसली आहे ना ते पाहा. मग मित्राचा चालू एसएमपीएस लावून बघा. मात्र मॉड्युलर असेल तर त्याच्या केबलींसकट आणा. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधीकधी मॉडेलगणिक वेगळी असते. आपली केबल त्यात बसते, पण चुकीच्या पिनेवर १२ व्होल्ट येऊन हार्ड डिस्क जळू शकते.