निविदेतील ‘द्रव्यसंपत्’ : शासकीय औषधखरेदीचे नियम आणि आपण



चिकित्सेच्या चतुष्पादांचे विवरण करताना चरकाचार्यांनी द्रव्याचे चार गुण सांगितले आहेत : बहुता, योग्यत्व, अनेकविध कल्पना आणि संपत्. शासकीय औषधखरेदीच्या निविदेत यांपैकी ‘बहुता’ तेवढी किलोग्रॅममध्ये नोंदलेली असते. ‘संपत्’ बहुधा कोठेच नसते. ती कोणी व कोठे लिहावयाची, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

काही वर्षांपूर्वी एका शासकीय आयुर्वेद दवाखान्यात आलेले सितोपलादी चूर्ण पाहण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. जिभेवर ठेवताच केवळ साखरेची गोडी जाणवली. पिंपळीचा तिखटपणा शोधावा लागला, आणि वंशलोचनाविषयी न बोललेलेच बरे. कासाने त्रस्त झालेला एक रुग्ण ते पंधरा दिवस घेऊन परत आला आणि ‘आयुर्वेदाने गुण येत नाही’ असे सांगून गेला. कागदपत्रे पाहिली तेव्हा नियमाचा भंग कोठेच आढळला नाही. न्यूनतम दर देणाऱ्यास रीतसर पुरवठा आदेश मिळाला होता. दोष मागणीपत्रात होता. तेथे एवढेच लिहिले होते : ‘सितोपलादी चूर्ण, चांगल्या प्रतीचे.’

नियमांची चौकट

केंद्र शासनाच्या संस्थांना सामान्य वित्तीय नियम, २०१७ लागू आहेत. महाराष्ट्रात उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने खरेदीची नियमपुस्तिका आली, तर वैद्यकीय वस्तूंच्या केंद्रीभूत खरेदीसाठी २०२३ च्या अधिनियमाने स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. तपशिलात भेद असला तरी तत्त्वे समान आहेत : खुली स्पर्धा, सर्वांना समान संधी, वाजवी दर आणि प्रत्येक निर्णयाची लेखी कारणे.

मोठ्या खरेदीत साधारणतः दोन लिफाफ्यांची पद्धत असते. प्रथम तांत्रिक लिफाफा उघडला जातो. त्यात पात्र ठरलेल्यांचाच दराचा लिफाफा उघडतात आणि पात्र निविदाधारकांपैकी न्यूनतम दराचा देकार स्वीकारतात. गुणवत्ता व दर यांना एकत्रित गुण देण्याची पद्धत केंद्राने २०२१ च्या सूचनांद्वारे ठराविक कामे व सेवांसाठी खुली केली, वस्तुखरेदीसाठी नाही. याचा अर्थ आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे. दर उघडल्यानंतर ‘हे औषध अधिक चांगले आहे’ या म्हणण्याला स्थान उरत नाही. गुणवत्तेचा विचार तांत्रिक अटींतच करून ठेवावा लागतो.

मागणी लिहिणाऱ्या वैद्यांसाठी

‘चांगल्या प्रतीचे’ हा शब्दप्रयोग तपासता येत नाही; म्हणून तो निरर्थक आहे. त्याऐवजी पुढील बाबी लिहाव्यात :

१. कल्पाचा पाठ कोणत्या ग्रंथातील अथवा भारतीय आयुर्वेदिक योगसंग्रहातील, याचा स्पष्ट निर्देश.

२. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशानुसार कसोट्या : एकूण भस्म, आम्ल-अविद्राव्य भस्म, जलविद्राव्य व मद्यार्कविद्राव्य अंश. वाळू-मातीची भेसळ आम्ल-अविद्राव्य भस्मात उघडी पडते.

३. प्रत्येक घाण्याचा (बॅचचा) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल, तसेच पुरवठ्यानंतर यादृच्छिक नमुने तपासण्याचा अधिकार.

४. पुरवठ्याच्या दिवशी शिल्लक असावी लागणारी वापरमुदत. चूर्णाची मुदत २ वर्षे आहे. तीन चतुर्थांश मुदत शिल्लक हवी असेल, तर निर्मितीपासून ६ महिन्यांत माल पोहोचला पाहिजे. वर्षाची मागणी एकदम न घेता हप्त्यांनी घेणे येथे हितावह ठरते.

मात्र अटी एकाच कंपनीच्या मापाने बेतू नयेत. तसे करणे स्पर्धेच्या तत्त्वाविरुद्ध तर आहेच, शिवाय त्याने संपूर्ण निविदाच रद्द होण्याची पाळी येते.

फार्मसीचालकांसाठी

प्रस्तुत लेखकाच्या लहानशा फार्मसीचा पहिला देकार तांत्रिक टप्प्यातच बाद झाला. परवाना होता, शेड्यूल ‘टी’नुसार उत्तम निर्मिती प्रमाणपत्रही होते, परंतु मंजूर उत्पादनांच्या यादीचे संबंधित पान जोडावयाचे राहिले होते. चूक आमचीच होती. तेव्हापासून निविदेतील कागदपत्रांची यादी समोर ठेवून प्रत्येक पान दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घेण्याचा परिपाठ आम्ही ठेवला आहे. अखेरच्या दिवसापर्यंत निघणारी शुद्धिपत्रकेही पाहावीत आणि डिजिटल स्वाक्षरीची मुदत आधीच तपासावी.

उलाढालीची अट अवाजवी वाटल्यास निविदापूर्व बैठकीतच लेखी हरकत घ्यावी. निकालानंतरची तीच हरकत पराभूताची तक्रार समजली जाते.

केंद्रीय खरेदीत सूक्ष्म व लघु उत्पादकांना महत्त्वाच्या सवलती आहेत. सामान्यतः अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के असणारी बयाणा रक्कम त्यांना माफ आहे. परंतु काम मिळाल्यावर भरावयाची सुरक्षा अनामत त्यामुळे माफ होत नाही. तसेच न्यूनतम दर मोठ्या कंपनीचा १०० रुपये असेल आणि आपला ११५ रुपयांपर्यंत असेल, तर १०० रुपयांस पुरवठ्याची तयारी दर्शवून मागणीचा किमान २५ टक्के हिस्सा मिळू शकतो. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. हा लाभ केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना नाही.

दर भरण्यापूर्वी पाठाचा हिशेब मांडावा. सितोपलादीच्या ३१ भागांत खडीसाखर १६ आणि वंशलोचन ८ भाग असते. अस्सल वंशलोचनाच्या बाजारभावाने ८ भागांची किंमत काढली, म्हणजे कोणता दर अशक्य आहे हे कळते. असा अस्वाभाविक कमी दर आल्यास खरेदीदारास दराचे लेखी पृथक्करण मागता येते. खरेदी समितीवरील वैद्याने ते अवश्य मागावे.

आणखी एक गोष्ट. ‘यंदा तुम्ही घ्या, पुढील वर्षी आम्ही’ असे परस्पर ठरवून दर भरणे हा काहींना सोयीचा शिरस्ता वाटतो. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ अन्वये ती निविदेतील संगनमताची कृती आहे. तिच्यासाठी जबर दंड होऊ शकतो आणि काळ्या यादीची टांगती तलवारही असते.

समारोप

शासकीय दवाखान्यात येणारा रुग्ण औषध निवडत नाही. ते त्याच्यासाठी आपण आधीच, कागदावर, निवडलेले असते. त्याला आलेला अथवा न आलेला गुण तो कंपनीच्या नव्हे, आयुर्वेदाच्या खात्यावर मांडतो. म्हणून मागणीपत्र लिहिणाऱ्या वैद्याने औषधाचे पत्रक लिहितानाची आणि दर भरणाऱ्या फार्मसीचालकाने पाठ घालतानाची काटेकोर वृत्ती येथेही ठेवावी. आपल्या जिल्ह्याची पुढील निविदा निघण्यापूर्वी गेल्या वर्षीचे मागणीपत्र एकदा काढून वाचावे, एवढीच विनंती.