हिरा हेरायचा यू मुंबाने, घालायचा दुसऱ्याने! मुंबईच्या कबड्डी संघाचं लिलावात नेमकं काय होतं?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात यू मुंबाचे चाहते कमी नाहीत. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये मॅच असली की इथून निघायचं, दादरला लाईन बदलायची, महालक्ष्मीला उतरायचं आणि मॅच संपली की शेवटच्या गाड्यांचा हिशोब करत परत यायचं. एवढा खटाटोप करून तुम्ही ज्याच्या नावाने ओरडता, तो पोरगा पुढच्या सीझनला भलत्याच जर्सीत दिसतो. असं एकदा नाही, अनेकदा झालंय.

हे का होतं, ते समजायला आधी खेळाडू निवडायची पद्धत बघू.

अमेरिकेत एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये नव्या पोरांचा ड्राफ्ट असतो. तिथे बोली लागत नाही. संघांनी आपापल्या पाळीने नावं उचलायची. जे संघ तळाला राहिले, त्यांना आधी उचलायची जास्त संधी. कोणी पहिल्या नंबरासाठी मुद्दाम हरू नये म्हणून 1985 पासून तिथे चिठ्ठ्या टाकल्यासारखी लॉटरी निघते. 2015 मध्ये पंजाबच्या सतनाम सिंगला डॅलस मॅव्हरिक्सने 52 व्या नंबरवर घेतलं, ते याच ड्राफ्टमधून. ड्राफ्ट झालेला तो पहिला भारतीय. एनबीएची एकही मॅच मात्र त्याच्या वाट्याला आली नाही, हा भाग वेगळा.

प्रो कबड्डीत बोली लागते. प्रत्येक संघाच्या खिशात सारखीच रक्कम, अलीकडच्या सीझनमध्ये 5 कोटी. खेळाडू अ, ब, क, ड अशा चार गटांत आणि गटाप्रमाणे मूळ किंमत. लिलावाआधी काही खेळाडू राखता येतात. सोडलेल्या खेळाडूवर दुसऱ्याने शेवटची बोली लावली, तरी तेवढेच पैसे मोजून जुना संघ त्याला परत घेऊ शकतो. आणि एक चोरवाट आहे, ती सगळ्यात महत्त्वाची. नव्या तरुण खेळाडूंना लिलावाबाहेरच स्वस्तात करारबद्ध करता येतं. हुशार संघ खरे पैसे इथेच वाचवतात.

आता यू मुंबाकडे येऊ. रॉनी स्क्रूवाला यांचा हा संघ. 2014 च्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू होता राकेश कुमार, पाटणा पायरेट्सने घेतलेला, 12 लाख 80 हजारांना. आज हा आकडा वाचून हसू येतं. यू मुंबाने घेतला हरियाणाचा अनुप कुमार. बोनसवर जगणारा, डोकं थंड ठेवणारा कॅप्टन. सोबत शब्बीर बापू, रिशांक देवाडिगा, विशाल माने, जीवा कुमार आणि दोन कोपऱ्यांवर मोहित छिल्लर व सुरेंदर नाडा.

ही निवड इतकी जमली की पहिले तिन्ही सीझन संघ फायनलला. 2014 ला जयपूरकडून हरले, 2015 ला बेंगळुरू बुल्सला 36-30 असं हरवून ट्रॉफी उचलली, 2016 ला पाटण्याने 31-28 ने हिसकावली. त्यानंतर ट्रॉफी पुन्हा आलेली नाही.

चौथ्या सीझनला फोडाफोड झाली. मोहित 53 लाखांना बेंगळुरूकडे गेला, त्या लिलावातला सगळ्यात महाग खेळाडू. सुरेंदरही तिकडेच. कोपऱ्यातली जोडी एकत्र घडते, एकमेकांच्या हालचालीवर खेळते. ती गेली आणि यू मुंबा पहिल्यांदाच सेमीफायनलच्या बाहेर, पाचवा.

मग आला 2018 चा लिलाव. इराणचा फझल अत्राचली 2015 च्या विजेत्या संघात होता. मधे तो पाटण्याकडून एक ट्रॉफी जिंकून, गुजरातकडून खेळून आला होता. यू मुंबाने त्याला 1 कोटी देऊन परत आणला आणि प्रो कबड्डीचा पहिला कोटीचा खेळाडू तो ठरला. आपल्याच माणसाला परत आणायला कोटी मोजायचे, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. त्याच वर्षी अनुप कुमारला सोडलं. तो जयपूरला गेला आणि डिसेंबरमध्ये निवृत्त झाला.

पण त्याच लिलावातली खरी खरेदी दुसरीच होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई, 36 लाख 40 हजार. पहिलाच सीझन आणि चढाईत 200 हून जास्त गुण! बदलापूरपासून चंदगडपर्यंत सगळ्यांना वाटलं, आपला माणूस मिळाला. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाखांची बोली लावली आणि देसाई गेला.

तेव्हा संघात आणखी एक तरुण चढाईपटू होता, अर्जुन देशवाल. त्याला सातव्या सीझननंतर सोडलं. जयपूरने 96 लाखांना घेतला. दोन सीझनमध्ये त्याने जयपूरला ट्रॉफी जिंकून दिली आणि सीझनचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. देसाईच्या वेळी पैशाचं कारण तरी होतं. देशवालची चूक मात्र नजरेची वाटते.

2022 ला फझलही पुन्हा गेला, 1 कोटी 38 लाखांना पुणेरी पलटणकडे. यू मुंबाने गुमान सिंगवर 1 कोटी 21 लाख 50 हजार लावले. संघ मात्र तळाच्या बाजूलाच राहिला.

शेजारच्या पुण्याने काय केलं, तेही बघा. पलटणने आपली युवा फळी तयार केली, तरुण पोरं स्वस्तात घेतली आणि ती टिकवली. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, आकाश शिंदे, पंकज मोहिते, मोहित गोयत. पोरं स्वस्तात असल्यामुळे खिसा भरलेला राहिला, म्हणून 2023 मध्ये इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर 2 कोटी 35 लाख लावता आले. 1 मार्च 2024 ला हरियाणाला 28-25 असं हरवून अस्लमच्या कप्तानीत पलटण चॅम्पियन झाली. त्या सीझनला यू मुंबा दहावा होता.

राहिला प्रश्न आपल्या भागातल्या पोराचा. संघाचं नाव मुंबई असलं तरी मुंबई-ठाण्याचे अमुक इतके खेळाडू घ्यावेत, असा नियम नाही. त्यामुळे अंबरनाथच्या पोराची वाट नेहमीचीच आहे. आधी मंडळ, मग ठाणे जिल्ह्याचा संघ, मग महाराष्ट्र. सोबत बँक, कंपनी किंवा पोलिसांच्या संघात नोकरी मिळाली तर घर चालतं. 2022 पासून 23 वर्षांखालच्यांसाठी युवा कबड्डी सिरीज सुरू झाली, तिथेही संघांचे लोक नजर ठेवून असतात. मातीवर खेळणाऱ्याला मॅटची सवय मात्र स्वतःच लावून घ्यावी लागते, कारण लिलावाआधीच्या सगळ्या चाचण्या मॅटवरच होतात.

यू मुंबाने 2024 ला थोडी वाट बदलली. बचावासाठी सुनील कुमारवर 1 कोटी 1 लाख 50 हजार खर्च केले, त्याला कॅप्टन केलं, आणि चढाईचा भार नव्या दमाच्या अजित चौहानवर टाकला. संघ बऱ्याच वर्षांनी बाद फेरीत पोहोचला. पुढच्या सीझनला या दोघांनाही जाऊ दिलं नाही.