पॅकेटाच्या वाटेचा माग

वसतिगृहात असताना घरून येणाऱ्या पोस्टकार्डावर दोन शिक्के असत. एक गावच्या टपाल कार्यालयाचा, दुसरा शाळेजवळच्या. पत्र केव्हा निघाले आणि केव्हा पोहोचले, एवढे त्यांवरून समजे. मधल्या प्रवासात ते कोठे दोन दिवस पडून राहिले, हे मात्र कधीच कळत नसे. आज माझी उपजीविका संगणकांच्या जाळ्यांची देखभाल करण्यावर चालते, आणि तेथेही रोजचा प्रश्न हाच असतो. मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलताना मध्येच आवाज तुटतो, तेव्हा दोष नेमका कोठे आहे? बहुतेक जण या प्रश्नाचे उत्तर घाईने देतात. मीही एकदा तसे दिले होते; ती हकीकत पुढे येईलच.

इंटरनेटवरून जाणारा आवाज, चित्र वा मजकूर सलग जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे करतात. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटावर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो, पण मार्ग लिहिलेला नसतो. वाटेवरच्या राउटर नावाच्या यंत्रांनाही संपूर्ण मार्ग ठाऊक नसतो. ‘या पत्त्याकडे जावयाचे असल्यास पुढचा शेजारी अमुक’ एवढेच प्रत्येकाला माहीत असते. अनोळखी मुलखात गावोगाव वाट विचारत जाणाऱ्या वाटसरूसारखा हा प्रवास असतो. मार्गाची नोंद पॅकेटावरच करीत जाण्याची सोय मूळ नियमांत होती, परंतु तीत नऊच पत्ते मावत. शिवाय आज पुष्कळसे राउटर तिच्याकडे लक्ष देत नाहीत.

मग वाट कळावी कशी? उत्तर सापडले ते भलत्याच हेतूने केलेल्या एका तरतुदीत. १९८१ साली जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या आयपीच्या नियमावलीत प्रत्येक पॅकेटाला आयुष्याची मुदत दिलेली आहे. राउटरांच्या माहितीत विसंगती आली तर पॅकेट त्याच दोन-तीन यंत्रांमध्ये अखंड घिरट्या घालू शकते. तसे होऊ नये म्हणून ही मुदत. ती जास्तीत जास्त २५५ असते. मुळात ती सेकंदांत मोजावयाची होती, पण प्रत्येक राउटरने निदान एक तरी वजा केलाच पाहिजे असा नियम असल्याने व्यवहारात ती टप्प्यांची संख्या होऊन बसली. मुदत शून्यावर आली की राउटर ते पॅकेट टाकून देतो आणि पाठविणाऱ्याला ‘मुदत संपली’ अशी चिठ्ठी धाडतो. त्या चिठ्ठीवर राउटरचा स्वतःचा पत्ता असतो.

अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन यांनी स्टीव्ह डीअरिंग यांच्या सूचनेवरून १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘ट्रेसराउट’ हा प्रोग्राम लिहिला, तो याच चिठ्ठीच्या आधारावर. प्रथम मुद्दाम एक मुदतीचे पॅकेट पाठवावयाचे. ते पहिल्याच राउटरवर संपते आणि त्याचा पत्ता कळतो. नंतर दोन मुदतीचे, मग तीन मुदतीचे. प्रत्येक टप्प्यासाठी सामान्यतः तीन पॅकेटे जातात आणि चिठ्ठी परतण्यास किती वेळ लागला ते मिलिसेकंदांत मांडले जाते. म्हणजे पडद्यावर उमटणारी मधली प्रत्येक ओळ वाटेत संपलेल्या पॅकेटांमुळे मिळालेली असते. मला या युक्तीचे आजही नवल वाटते.

आता त्या ओळी वाचावयाच्या कशा? पहिली ओळ बहुधा आपल्याच घरातील वाय-फायच्या पेटीची असते. पुढच्या काही ओळी सेवा देणाऱ्या कंपनीच्या. पलीकडचे टोक लंडनला असेल, तर मध्येच वेळ एकदम वाढलेला दिसतो, आणि नवखा माणूस तेथेच बोट ठेवतो. वस्तुतः काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई-लंडन हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. म्हणजे जाऊन येण्यासच ७२ मिलिसेकंद हवेत, आणि समुद्राखालची केबल काही सरळ रेषेत जात नाही. ही वाढ भूगोलाची आहे, बिघाडाची नव्हे. उलट पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या पॅकेटाला दीडशे मिलिसेकंद लागत असतील, तर ते परदेशी जाऊन येत असल्याची शंका जरूर घ्यावी. एके काळी भारतातल्या दोन कंपन्यांमधली पॅकेटे खरोखरच अशी परदेशातून फिरून येत. ती देशातच अदलाबदल व्हावीत म्हणून २००३ साली ‘निक्सी’ ही संस्था स्थापन झाली.

आता माझी चूक. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका ग्राहकाचे कॉल सारखे तुटत होते. मी ट्रेसराउट चालविला. सहाव्या ओळीवर तीन फुल्या आल्या, म्हणजे उत्तरच नाही. ते यंत्र ज्या कंपनीचे होते, तिला मी तत्काळ खरमरीत पत्र लिहिले. फुलीचा अर्थ मला समजला नव्हता. पॅकेट पुढे ढकलणे हे राउटरचे मुख्य काम. चिठ्ठी लिहिणे हे दुय्यम, आणि अनेक राउटर ते हात राखून करतात किंवा अजिबात करीत नाहीत. सातवी, आठवी आणि शेवटची ओळ सुरळीत होती, याचाच अर्थ सहावा राउटर पॅकेटे व्यवस्थित पुढे पाठवीत होता. विलंब मधल्या एखाद्या ओळीत दिसून पुढे नाहीसा होत असेल तर तो सोडून द्यावा. तेथून थेट शेवटपर्यंत टिकत असेल तरच दखल घ्यावी.

दोन दिवसांनी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारले, “पलीकडून इकडे ट्रेस घेतलास का?” घेतला नव्हता. जाण्याची वाट आणि परतीची वाट एकच असते असे मी गृहीत धरले होते. ती पुष्कळदा वेगळी असते, आणि आपल्या पडद्यावर परतीची वाट दिसतच नाही. वेळ मात्र दोहोंचा मिळून मोजला जातो. पलीकडून घेतलेल्या ट्रेसमध्ये तिसऱ्याच कंपनीच्या जाळ्यातला बिघाड स्पष्ट दिसला. मग मला दुसरे पत्र लिहावे लागले, क्षमायाचनेचे. ते पहिल्यापेक्षा लिहावयास कितीतरी अवघड गेले.

पालकांना एक व्यवहार्य सूचना करतो. कॉल नीट चालू असताना एकदा ट्रेस घेऊन जपून ठेवावा, आणि तुटू लागल्यावर पुन्हा घ्यावा. तक्रार करताना दोन्ही सोबत जोडावेत. नुसते ‘नेट चालत नाही’ म्हटल्याने समोरच्याच्या हाती काहीच लागत नाही.

गेल्या वर्षी शाळेच्या संगणक कक्षात मुलांना हा प्रयोग करून दाखविला. पहिल्या ओळीतला राउटर कोणता, असे एका मुलीने विचारले. मी दारावरच्या, धूळ बसलेल्या पेटीकडे बोट दाखविले, आणि सगळा वर्ग पडदा सोडून तिच्याखाली जाऊन उभा राहिला.