शेजाऱ्याच्या हिशेबाची वही

हॅमिल्टन, न्यूझीलंड : वायकाटोतल्या डेअरीवाल्याला वर्षाला एका गाईमागे खर्च किती येतो असं विचारलं, तर तो आकडा सांगतो. पुष्कळदा कर्ज किती आहे तेही सांगून मोकळा होतो. आपल्याकडे या प्रश्नाला ‘भागतंय कसंबसं’ याच्या पुढे उत्तर मिळत नाही. इथला माणूस भोळा आहे असं कुणी समजू नये. आकडा सांगण्यात त्याचं काही जात नाही, आणि असं का, ते इथल्या दुधाच्या बाजारात दडलेलं आहे.

हा देश आपलं जवळपास 95 टक्के दूध पावडर, लोणी आणि चीजच्या रूपात बाहेर विकतो. एके काळी लोण्याचं हक्काचं गिऱ्हाईक ब्रिटन होतं. 1973 मध्ये ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारात गेलं आणि ते दार हळूहळू मिटत गेलं. 1984 नंतर सरकारने शेतीची अनुदानंही काढून घेतली. आता भाव ठरतो तो मुख्यतः पंधरवड्याच्या जागतिक लिलावात, आणि त्यात चीनमधल्या मागणीचा शब्द मोठा. बहुतेक दूध घेणारी फॉन्टेरा ही 2001 मध्ये उभी राहिलेली शेतकऱ्यांच्याच मालकीची सहकारी संस्था. ती लिटरवर पैसे देत नाही; दुधातला स्निग्धांश आणि प्रथिनं मिळून किलोला भाव देते. साधारण अकरा-बारा लिटरमागे असा एक किलो भरतो.

त्यामुळे इथल्या शेतकऱ्याचं गणित सोपं : शेजाऱ्याने दूध वाढवलं म्हणून माझा भाव पडत नाही, त्याने कमी केलं म्हणून चढत नाही. दोघांनाही एकच दर. माझ्या हातात उरतो तो फक्त खर्च, आणि तो कसा कमी केला हे लपवून मला काहीच मिळत नाही.

यातूनच इथले ‘डिस्कशन ग्रुप’, म्हणजे शेतकऱ्यांचे चर्चागट, टिकले. डेअरी बोर्डाच्या सल्लागारांनी 1950 च्या दशकात त्यांना बळ दिलं. आज ते काम ‘डेअरीएनझेड’ ही संस्था करते. मी गेलो तो गट मॉरिन्सव्हिलजवळ जमला होता. फाटकापाशी प्रत्येकाने गमबूट जंतुनाशकात धुतले. 2017 मध्ये मायकोप्लाझ्मा बोव्हिस हा गुरांचा रोग देशात सापडल्यापासून ही शिस्त अधिकच कडक झाली आहे. मग सगळे कुरणात. एकाच्या हातात काठीसारखं, खाली चकती असलेलं यंत्र. ते गवतावर टेकवत चालायचं. गवताच्या उंचीवरून हेक्टरी किती किलो सुकी वैरण उभी आहे याचा अंदाज मिळतो. गाई आज कुठल्या तुकड्यात सोडायच्या, हे त्यावरून ठरतं. यजमानाने मोजण्याआधी सगळ्यांना अंदाज करायला लावला आणि ज्याचा सर्वांत चुकला त्याची यथेच्छ टिंगल झाली. नंतर शेडमध्ये चहा, आणि यजमानाचा छापील जमाखर्च सगळ्यांच्या हातात. पेंडीवर इतके का गेले? नांगर भाड्याने का नाही घेतला? प्रश्न सरळ आणि थोडे निर्दय. सल्लागार बाई जवळजवळ गप्प होत्या. तज्ज्ञाने कमी बोलायचं, हा मला त्या सकाळचा सगळ्यांत शहाणा नियम वाटला.

हिशेब उघडा ठेवण्याच्या या सवयीची परीक्षा 2014 नंतर झाली. 2013-14 च्या हंगामात फॉन्टेराने किलोला 8.40 डॉलर दिले होते. पुढच्या वर्षी 4.40, त्याच्या पुढच्या वर्षी 3.90. त्या काळात काही शेतकऱ्यांनी आपलं अंदाजपत्रकच इतरांसमोर मांडलं : कुठे कात्री लावली, कुठे लावता आली नाही. अनेकांनी विकतचं खाद्य कमी करून पुन्हा गवताकडे मोर्चा वळवला. सगळेच तरले असं नाही. अर्धेलीने गोठा चालवणाऱ्या तरुणांकडे जमीन नसते, गाई हीच पुंजी. भावाबरोबर गाईंचीही किंमत उतरली आणि त्यांना दुहेरी मार बसला. हिशेब उघडा ठेवल्याने कर्ज फिटत नाही.

नवं काही शोधण्याचं श्रेयही इथे प्रयोगशाळेइतकंच गोठ्याला जातं. गाई तिरप्या रांगेत उभ्या करून मधल्या खड्ड्यातून धार काढायची ‘हेरिंगबोन’ पद्धत रॉन शार्प या शेतकऱ्याने 1952 मध्ये इथून जवळच गॉर्डनटनला बसवली. फिरत्या चौथऱ्यावर दूध काढण्याची रोटरी शेड 1969 मध्ये तारानाकीतल्या मर्व्ह हिक्सची. अशा गोष्टी ज्याने पाहिल्या त्याने आपल्या घरी उभारल्या.

एक मात्र स्पष्ट लिहायला हवं. या गटांनी अनेक वर्षं एकमेकांना जास्त दूध काढायलाच शिकवलं. गाई वाढल्या, कुरणांवर युरिया वाढला, आणि त्यातून नायट्रेट भूजलात आणि नद्यांत उतरलं. शेवटी सरकारला 2021 पासून कृत्रिम नत्रावर हेक्टरी वर्षाला 190 किलोची मर्यादा घालावी लागली. आता गटांमध्ये नायट्रेटचं झिरपणं कमी करणाऱ्या प्लँटेन या चाऱ्याची चर्चा असते, पण ती उशिरा सुरू झाली. सगळे एकाच व्यवसायातले असले की गैरसोयीचा प्रश्न कुणी आपणहून काढत नाही.

या गटांचा आणि सल्लागारांचा खर्च शेतकरीच देतात : स्निग्धांश-प्रथिनांच्या प्रत्येक किलोवर ठरलेली पट्टी. ती चालू ठेवायची की नाही यावर ठराविक वर्षांनी मतदान होतं, आणि ते नावापुरतं नसतं. 2009 मध्ये लोकरवाल्यांनी आपल्या धंद्यातली अशीच पट्टी मतदानाने बंद पाडली. डेअरीवाल्यांनी आपली ठेवली.

सहकार आपल्याला नवा नाही, डॉ. वर्गीस कुरियन 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला इथला सहकारी दूधधंदा पाहूनही गेले होते. पण आपल्या गावात संघाचं आणि खासगी डेअरीचं संकलन केंद्र समोरासमोर असतं, शेतकरी दोन्ही वेळा तिथे भेटतात आणि बोलणं होतं ते फॅट, एसएनएफ आणि थकलेल्या बिलाचं; खर्चाचं नाही. तेव्हा यंदा दूध संस्थेच्या वार्षिक सभेला जाल, तर एक ठराव मांडून पाहा : गावातल्या दहा गोठ्यांचा लिटरमागचा खर्च, नावं न घालता का होईना, केंद्राच्या फळ्यावर दर महिन्याला लिहावा.